संचकाराआधी एक कागद द्या : कोल्हापुरातल्या सिव्हिल इंजिनिअर मंडळींना खुले पत्र

स. न. वि. वि.

कोल्हापुरात जुनं घर बघायला जाणारा घोळका तुम्ही पाहिला असेल. नवरा-बायको, दोघांपैकी कुणाचे तरी वडील, एक मामा, ‘मला जागेतलं कळतंय’ म्हणणारा एक मित्र आणि पुढं किल्ल्या खुळखुळवत एजंट. दुसऱ्या खेपेला वास्तूवाले येतात, होकायंत्र धरतात, फी घेतात. मग वकील कागद बघतात, तेही फी घेतात. या सगळ्यात तुम्ही कुठंच नसता. खरेदीदस्त झाला, किल्ली हातात पडली, पेढे वाटून झाले की तुम्हाला फोन येतो : “साहेब, जरा येऊन बघा की, किती खर्च येईल.”

मी एका सहकारी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले. उभी नोकरी घरकर्जाच्या फायली चाळण्यात गेली. फायलीत सर्च रिपोर्ट असायचा, मूल्यांकन अहवाल असायचा, घरफाळ्याची पावती असायची, पगाराचा दाखला असायचा. ज्या घरासाठी माणूस पंधरा-वीस वर्षं हप्ते फेडणार, त्याचा स्लॅब धड आहे का, हे सांगणारा कागद मात्र नसायचा. आम्ही तो मागत नव्हतो, घेणारा मागत नव्हता आणि तुम्हीही आपणहून देत नव्हता. मला या पत्रातून तोच मागायचा आहे. संचकारपत्र (विसाराचा करार) होण्याआधी, घर घेणाऱ्याच्या बाजूनं, रोख फी घेऊन घराची तपासणी करा आणि काय दिसलं ते सहीनिशी लिहून द्या. दुसरी अट जरा झोंबेल : ज्या घराची तपासणी केली, त्या घराच्या दुरुस्तीचं काम स्वतः घेऊ नका.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. “बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला की, मग आणि काय तपासायचं?” व्हॅल्युअर बँकेचा माणूस. उद्या हप्ते थकले तर या मालमत्तेचे किती येतील, एवढंच त्याला सांगायचं असतं. तो जागेचं क्षेत्र बघतो, रेडीरेकनर (सरकारी दर) आणि चालू भाव बघतो, बांधकामाचं वय टाकतो, चार फोटो काढतो. मंगळवार पेठेत किंवा राजारामपुरीत किमतीचा मोठा भाग जागेचाच असतो. वरच्या मजल्याची मोरी गळते की नाही, यानं त्याच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. त्यात त्याचं काही चुकतही नाही, कारण त्याला विचारलेला प्रश्नच तो नसतो. वकिलांचंही तसंच. ते मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च घेतात, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) आणि प्रॉपर्टी कार्ड (मिळकतपत्रिका) बघतात, बोजा आहे का, वारस कुणी राहिलाय का हे शोधतात. भिंत ओली आहे का, हे प्रॉपर्टी कार्डावर लिहिलेलं नसतं.

“रेरा आहे की आता,” असं तरुण मंडळी म्हणतात. रेरात, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या कायद्यात, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते हे खरं, पण ते नव्या प्रकल्पापुरतं. शाहूपुरीतलं चाळीस वर्षांचं घर एका कुटुंबाकडून दुसरं कुटुंब घेतं तिथं रेरा येत नाही. तिथं लागू होतो तो १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि घेणाऱ्यानं साधारण काळजी घेऊनही सापडला नसता असा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायला हवा. पण साधारण काळजी म्हणजे काय? मामांनी भिंतीवर थाप मारून “भक्कम आहे” म्हणणं? घेणाऱ्यानं जाणकार माणूस आत नेला होता आणि त्यानं लिहून दिलं होतं, एवढं जरी दाखवता आलं तरी त्याची बाजू उभी राहते. आज त्याच्या हातात काहीच नसतं.

आता आपल्या गावाचं सांगते, कारण पुण्या-मुंबईचे नमुने इथं आणून चालत नाहीत.

एक म्हणजे हंगाम. आपल्याकडं घरांचे व्यवहार पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला, नाहीतर दसऱ्याला होतात. मार्च-एप्रिलमध्ये गळकं घरसुद्धा कोरडं ठणठणीत असतं. आधी नवा रंग दिलेला असतो, पुट्टी मारून लोणा (ओलीनं भिंतीवर फुटलेला खार) झाकलेला असतो, खिडक्या उघड्या ठेवून वास घालवलेला असतो. खरं घर दिसतं आषाढात, सलग चार दिवस झड लागली की. आणि आषाढात कुणी घर बघायला जात नाही, कारण महिना शुभ नाही! व्यवहाराला मुहूर्त बघा की, पण नुसतं बघायला जायला कसला मुहूर्त? कोरड्या महिन्यात घर दाखवलं तरी तुमच्यासारख्या माणसाला खुणा सापडतात. कपाटामागच्या भिंतीचे पोपडे, छताच्या कोपऱ्यातला पिवळट डाग, दाराच्या चौकटीचा खालचा फुगलेला भाग. घेणाऱ्याला त्या दिसत नाहीत. तो तेव्हा टीव्ही कुठं लावायचा ते बघत असतो.

दुसरं, पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग, कुठं कुठं पाणी आलं ते सगळ्या गावानं बघितलं. तरी त्या भागातलं घर विकताना आजही “पाणी फक्त रस्त्यापर्यंत येतंय” असं ऐकायला मिळतं. माझी भाची अशाच भागातलं एक तळमजल्याचं घर बघायला गेली, तेव्हा मी सोबत होते. घर देखणं, रंग ताजा. मला एकच गोष्ट खटकली. घरातले सगळे स्विचबोर्ड छातीच्या वर होते, न्हाणीघरातलासुद्धा. फ्रिजचा प्लग लावायलाही हात उंचवावा लागत होता. बोर्डांच्या खाली हात फिरवला तर गिलावा नवा, खडबडीत, आणि त्याची वरची कड भिंतभर एका सरळ रेषेत गेलेली. मीटर तर पहिल्या मजल्याच्या जिन्यात टांगलेलं. एजंट म्हणाला, “लहान पोरं असत्यात, म्हणून वर घेतलंय.” शेजारच्या आजींनी न विचारताच दाराच्या चौकटीवर बोट ठेवून सांगितलं, “एकोणीसला हितंवर, एकवीसला त्याच्या वर चार बोटं.”

पुराच्या भागातलं घर घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. त्या भागात लोक राहतात, पिढ्यान् पिढ्या राहतात आणि त्यांना तिथं राहायची रीत ठाऊक आहे. पण घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून घ्यावं. तुमच्या कागदावर चार ओळी असाव्यात : जोतं रस्त्यापासून किती उंच आहे, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची खूण जोत्यापासून किती उंचीवर आहे, जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या कुठल्या बाजूला येते, आणि पाणी उतरताना ड्रेनेजचं पाणी मागं फिरून न्हाणीतून वर येतं का. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते. म्हणजे जुनं पाडून दोन मजले वाढवायचं स्वप्न घेऊन कुणी ते घर घेत असेल, तर त्याचं स्वप्न तिथं अडकू शकतं. हे त्याला पैसे देण्याआधी कळलेलं बरं की नंतर?

तिसरं, घराच्या खाली काय आहे. आपलं गाव तळ्यांचं होतं. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई उभी राहिली. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी तुंबलं की दरवर्षी ओरड होते, पण पाणी आपल्या जुन्या जागेवरच आलेलं असतं. अशा भरावावर आणि त्याच्या कडेला उभ्या असलेल्या घरांच्या भिंती बारा महिने ओल धरतात. तिथं कितीही भारी रंग लावा, दोन पावसाळ्यांत पोपडे निघणार. नदीच्या अंगाला काल-परवापर्यंत ऊस उभा असलेल्या काळ्या जमिनीचं दुखणं वेगळं. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पाया वरच्यावर ठेवला असेल तर घरही तिच्यासोबत हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग बहुधा त्याचीच असते. गिलाव्याच्या केसासारख्या तड्यांना लोक घाबरतात आणि ही तिरकी भेग पुट्टीनं बुजवून मोकळे होतात. एका जुन्या मिस्त्रींनी मला दाखवलेली युक्ती तुम्हाला ठाऊक असणारच : भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारायची, शेजारी तारीख घालायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी भेग रेघेच्या पुढं सरकली का बघायचं. संचकारापासून खरेदीदस्तापर्यंत दोन-तीन महिने जातातच. तेवढ्या वेळात पेन्सिलीचं काम होतं.

स्लॅबविषयी तुम्हाला मी काय सांगावं? पण तुम्ही घेणाऱ्याला काय सांगत नाही, ते सांगते. ७०-८० च्या दशकातली राजारामपुरी-शाहूपुरीतली घरं आता विक्रीला येताहेत. त्यांचे गॅलरीचे स्लॅब, छज्जे, टाकीखालचा भाग आणि न्हाणीघरावरचं छत यांवर लाकडी दांड्यानं टकटक केलं की कुठं भरीव आवाज येतो, कुठं पोकळ. पोकळ वाजतं तिथं आत बहुधा सळई गंजलेली असते. गंजली की ती फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते, एक दिवस ढलपा खाली पडतो. यावर आपल्याकडचा सर्वमान्य उपाय काय? खालून पीओपीचं छत लावून टाकायचं. दिसायला झकास, एलईडीच्या पट्ट्या, आणि वर गंज आपलं काम निवांत करत राहतो. पीओपी लावलेल्या जुन्या घरात एखादा तुकडा काढून वर टॉर्च मारल्याशिवाय तुम्ही कागदावर सही करू नये, असं माझं मत आहे. मालक काढू देत नसेल तर तसं लिहा : ‘छत बघू दिलं नाही.’ हे एक वाक्य घेणाऱ्याला पुरेसं आहे.

आणि तो कोबा! गच्ची गळते म्हटलं की विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे गच्चीभर घातलेला जाड थर. दहा वर्षांनी पुन्हा गळली की जुन्यावर दुसरा कोबा, मग वर फरशी. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो भरतं. ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर ते दहा टनांच्या आसपास जातं. उसानं भरलेली एक ट्रॉली गच्चीवर कायमची उभी केल्यासारखं झालं ते. दुसरा कोबा म्हणजे दुसरी ट्रॉली. शेजारी हजार लिटरच्या दोन टाक्या, म्हणजे आणखी दोन टन. हे ओझं पन्नास वर्षांपूर्वीच्या स्लॅबनं का म्हणून पेलावं? जुना कोबा आधी काढा, उतार नीट करा, पाइपाची तोंडं बघा, हे सांगणारा इंजिनिअर लोकांना महाग वाटतो, कारण त्याच्या अंदाजात तोडफोड आणि राबिट वाहून न्यायचा खर्च असतो. कोब्यावर कोबा घालणारा स्वस्त पडतो. घर घेण्याआधी हे कळलं तर तो खर्च किमतीतून वजा करून मागता येतो. नंतर कळलं तर आपल्याच खिशातून.

पेठांतली जुनी घरं हा आणखी निराळा विषय. काळ्या दगडाचं जोतं, वर माती-चुन्याच्या जाड भिंती, सागवानी तुळया, कौलं. सोपा, माजघर, परडं. अशी घरं घेणारी नवी पिढी दोन टोकांची आहे. एक म्हणते सगळं पाडा. दुसऱ्या टोकाचे मोबाइलवर रील बघून आलेले असतात, त्यांना ‘वाड्याचा लूक’ ठेवायचा असतो आणि ते मातीच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर टेक्स्चर मारतात. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडत होती, ती आता आत कोंडते, भिंत आतल्या आत भुसभुशीत होत जाते आणि बाहेरून मात्र घर फोटोत छान येतं. वाळवीचंही तसंच. तुळईला पॉलिश करण्याआधी भिंतीत गेलेल्या तिच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघायला दोन मिनिटं लागतात. दणकट दिसणाऱ्या तुळईत तो दांडीपर्यंत गेलेला मी पाहिला आहे. शिवाय पेठेत भिंत सामाईक. आपल्या बाजूला खणलं की शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यामागं भेग जाते आणि मग तालमीतली चार माणसं मध्ये घालून बैठक बसते. चुन्यात काम करणारे मिस्त्री अजून आहेत, थोडे आहेत. ते कोण, हे तुम्हालाच ठाऊक असतं.

आता खर्चाचा क्रम. आमच्या बँकेत घरकर्जाच्या मागोमाग त्याच माणसाचं सोनेतारण कर्ज यायचं, साधारण सहा-आठ महिन्यांत. हिशेब साधा आहे. ५० लाखांच्या घराला बँक फार तर ४० लाख देते. उरलेले १० लाख, मुद्रांक शुल्क, ३०,००० रुपये नोंदणी फी, वकील, एजंटाची दलाली हे सगळं साठवणीतून जातं. घर ताब्यात येतं तेव्हा हात रिकामे असतात आणि राहिलेल्या चार पैशांत पहिली गोष्ट होते ती स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या. दुसरी, हॉलची फरशी. मग पावसाळा येतो, गच्ची गळते, जुना लोखंडी पाइप भिंतीत फुटतो, नवी फरशी फोडावी लागते. दागिने बँकेत येतात ते इथं.

ट्रॉल्या पाच वर्षांनी केल्या तरी कुणी उपाशी राहत नाही. तुमच्या कागदावर कामांचे तीन भाग असावेत. राहायला जाण्याआधी करायलाच हवीत अशी कामं : गच्ची, ड्रेनेज, गंजलेल्या सळयांची दुरुस्ती, वायरिंग आणि अर्थिंग. जुन्या घरात गिझर, इंडक्शन, एसी सगळं त्याच जुनाट तारेवर चालतं आणि ‘शॉक बसला तर लाइट घालवणारं बटण’, म्हणजे आरसीसीबी, कित्येक घरांत नसतंच. दोन-तीन वर्षांत जमेल तशी करायची कामं दुसऱ्या भागात, आणि हौसेची तिसऱ्या. प्रत्येकाच्या पुढं अंदाजे रक्कम. पै-पैचा हिशेब कुणी मागत नाही, पण दोन लाख की आठ लाख, एवढं तरी कळायला हवं. पाइप नवे टाकले तर फरशी बसवण्याआधी रात्रभर दाब देऊन ठेवायचा, न्हाणीघराचं तोंड बुजवून चोवीस तास पाणी कोंडून खालच्या छताला हात लावून बघायचा, हेही त्यातच लिहून द्या. मिस्त्री घाई करतो तेव्हा घरमालकाला दाखवायला कागद लागतो. दुरुस्तीसाठीही बँका कर्ज देतात. घरकर्जाच्या फायलीसोबतच तुमचा अंदाज आला असता तर आम्ही दोन्हीचा विचार एकदम केला असता आणि सोन्याला हात लागला नसता.

मंजूर नकाशाबद्दल थोडक्यात. घरफाळ्याची पावती आहे म्हणजे बांधकाम अधिकृत, हा समज या गावात इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही तो धरून बसतात. घरफाळा विनापरवाना मजल्यालाही लागतो, त्यानं तो मजला कायदेशीर होत नाही. नकाशा आणि प्रत्यक्ष घर शेजारी धरून फरक सांगणं तुमच्याशिवाय कुणाला जमणार? तीस वर्षांपुढच्या इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, हेही घेणाऱ्याच्या कानावर घाला, विशेषतः जुन्या अपार्टमेंटमधला फ्लॅट असेल तेव्हा. आणि रंग, गिलावा, फरशी या कामांना परवानगी लागत नाही, पण ‘ही मधली भिंत काढून हॉल मोठा करू’ म्हणताना ती भिंत वरच्या मजल्याचं ओझं घेते की नाही, हा प्रश्न इंटिरिअरवाल्याला विचारून भागत नाही.

तपासणी करणाऱ्यानं काम घ्यायचं नाही, यावर तुमच्यातल्या काहींशी बोलले. एकजण हसून म्हणाला, “मॅडम, मग आम्ही खायचं काय?” प्रश्न रास्त आहे. आज तुम्ही फुकट बघायला जाता, कारण पुढं काम मिळेल ही आशा असते, आणि कामाच्या रकमेवर तुमचा टक्का ठरतो. मग अंदाज मोठा निघण्यात कुणाचा फायदा, हे घेणाऱ्यालाही कळतं. म्हणून तो तुमचं अर्धंच खरं धरतो. खरंच आठ लाखांचं काम असतं तेव्हाही तो ‘फुगवून सांगताहेत’ म्हणतो आणि दोन लाखांत रंगरंगोटी उरकतो. तुम्ही खरं बोलूनही तुमच्यावर विश्वास बसत नाही, हे तुमचं नुकसान आहेच. एकमेकांत वाटून घ्या की. तुम्ही तपासलेल्या घराचं काम दुसऱ्यानं करावं, त्यानं तपासलेल्याचं तुम्ही. काम या गावातच राहील. फी आधी सांगा, भिंतीवर लावा. वास्तूवाल्याला पाकीट देताना जो माणूस ‘पावती द्या’ म्हणत नाही, तो तुमच्या दोन तासांचे पैसेही देईल, फक्त बदल्यात कागद मिळणार हे त्याला दिसलं पाहिजे.

लिहून दिलं तर उद्या कोर्टात खेचतील, ही भीतीही ऐकली. अमुक तारखेला, अमुक वेळी, जे उघडं होतं तेवढं बघितलं. पाया खणून बघितला नाही. पीओपीच्या वर बघू दिलं नाही : असं स्वच्छ लिहिणाऱ्याला फार घाबरायचं कारण नाही. गोत्यात येतो तो तोंडी “काही टेन्शन नाही” म्हणणारा. एजंट नाराज होतील, हे मात्र खरं. काहीजण तुम्हाला टाळतील. पण जे घर तपासणीत नीट निघेल, ते तुमचा कागद दाखवून त्यांना लवकर विकता येईल, हेही त्यांना दोन-चार व्यवहारांत उमगेल. कोल्हापूरचा एजंट या बाबतीत मंद नाही.

संचकारपत्रात एक ओळ घालायची सवय वकिलांनी लावावी, असंही मी त्यांना वेगळं कळवणार आहे : ‘इंजिनिअरच्या तपासणीत मोठा दोष आढळल्यास संचकाराची रक्कम परत.’ पण ती ओळ लिहायला आधी तपासणी करणारा इंजिनिअर गावात असावा लागतो.

भाचीनं ते छातीएवढ्या स्विचबोर्डांचं घर सोडलं. आता देवकर पाणंदीच्या बाजूला एक वर-खाली घर बघून ठेवलंय, बांधकाम बहुधा नव्वदच्या आसपासचं, गच्चीवर फरशी, हॉलला पीओपी. मालक आत बघू द्यायला तयार आहेत, संचकार पुढच्या महिन्यात ठरतोय. तुमच्यापैकी जे कुणी वरच्या दोन्ही अटींवर यायला तयार असतील त्यांनी आपली फी कळवावी. शिडी तिथं आहे, टॉर्च आणि हातोडी तेवढी सोबत आणावी.

आपली,
राजारामपुरीतली एक निवृत्त बँक कर्मचारी